कोपरा लिही

कबड्डीच्या निवडीच्या फॉर्मवर नाव, वडलांचं नाव, जन्मतारीख, वजन असे रकाने होते आणि सगळ्यात खाली एक बारका रकाना होता: खेळण्याची जागा. मुलीचा वालूरहून फोन आला तेव्हा मी तव्यापुढं उभा होतो. मी पंजाबात एका कॉलेजच्या होस्टेलात मेसवर काम करतो. सकाळी पोरं जेवणघरात घुसली की मला मान वर करायला सवड नसते. फोन खांदा आणि कानाच्या मधे दाबून मी एका हातानं पराठा उलटत होतो.

"पप्पा, सरांनी फॉर्म दिलाय," ती म्हणाली. "जागा लिहायची हाय. काय लिहू?"

"कोपरा लिही."

"पन मी तर चढाई करायलेय आता."

"सरांला आपल्या घरातला कोपराच माहीत हाय. कोपरा लिही, नाव लागंल."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मी पराठ्याला तूप लावलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला बरंच वाटलं होतं. पोरीचं काम सोपं करून दिलं असं वाटलं.

हे सर म्हणजे माझेच सर. आमच्या शाळेत खेळाचा तास घ्यायचे. आता निवृत्त झालेत, पण त्यांचं कबड्डीचं मंडळ चालू आहे. यंदा मुलींचा संघ बाहेरच्या स्पर्धेला न्यायचा म्हणून त्यांनी पाथरीच्या मैदानावर निवड ठेवली होती. त्या स्पर्धेत चमकलेल्या पोरींना पुढं क्रीडा वसतिगृहात घेतात. राहणं, खाणं, शाळा सगळं तिथंच. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. मी तर नववीतच बाहेर पडलो. त्यामुळं ही निवड आमच्यासाठी नुसता खेळ नव्हता.

सरांचं मी किती देणं लागतो ते कसं सांगू. आमची वस्ती गावाच्या उताराला, खदानीच्या अंगाला. आमचे लोक दगड फोडणारे. पाटे-वरवंटे घडवायचे, ते कुणी घेईना झालं तेव्हा खडी. वडलांच्या डोळ्यात दगडाची कपची गेली आणि मी शाळा सोडून त्यांच्या जागी घणावर उभा राहिलो. तेव्हा सर स्वतः खदानीवर आले होते. पांढरे बूट घालून, धुरळ्यात. वडलांना म्हणाले, शाळेचं तुमचं तुमी बघा, पण सांजच्याला हा पोरगा मला द्या. मग रोज संध्याकाळी मी मैदानावर. सर घरून दोन उकडलेली अंडी रुमालात बांधून आणायचे. माझ्यासाठी. पहिले बूट त्यांनी घेऊन दिले. पुढं गुडघा गेला तेव्हा डॉक्टरकडं तेच घेऊन गेले, आणि गुडघ्यानं खदानीचं काम होईना तेव्हा इथल्या ओळखीच्या मेसवाल्याला फोन करून मला चिकटवलं तेही त्यांनीच. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या गाडीत परभणीला मला बसवून द्यायला आले होते. डब्यात चढून माझी पिशवी नीट बाकाखाली सरकवली.

आणि ह्याच सरांनी मला शाळेत खेळाच्या पहिल्या तासाला नाव विचारलं, आडनाव ऐकलं, माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, "दगडाचे हात हायत. डावा कोपरा."

मला खेळताना त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

कबड्डीत कोपरा म्हणजे समोरून कुणी चढाईला आला की त्याच्या पायाखाली झेपावून घोटा धरायचा. तो पडतो, त्याच्यावर बाकीचे पडतात आणि सगळ्यांच्या खाली तुमी. टाळ्या चढाई करणाऱ्याला. चढाईला आमच्या संघात बागायतदारांची, दुकानदारांची पोरं असायची. सर म्हणायचे, चढाईला डोकं लागतं, चलाखी लागते. पकडीला ताकद लागते. ते वाईट मनानं म्हणायचे असं मला आजही वाटत नाही. ते मला ताकदवान म्हणत होते आणि मी खूश होत होतो.

एकदा फक्त सरावात आमचा चढाईवाला आला नव्हता. मी विचारलंही नाही, सरळ मधली रेषा ओलांडली. दम लागेस्तोवर घुमलो, दोघांना हात लावून परत आलो. पोरं ओरडली. सरांनी शिट्टी तोंडातून काढली आणि शांतपणे म्हणाले, "छान. आता जाग्यावर जा."

मी जाग्यावर गेलो. नंतर कधी रेषा ओलांडली नाही.

हे सगळं मी विसरलो होतो म्हटलं तरी चालेल. फॉर्म भरून झाल्यावर दोन दिवसांनी बायकोनं व्हिडिओ पाठवला. शाळेच्या मैदानावर पोरगी चढाई करत होती. व्हिडिओ हलत होता, अर्ध्यात तर बायकोचं बोटच आलं होतं, पण मला दिसायचं ते दिसलं. ती उजवीकडं खांदा टाकायची आणि पाय डावीकडं काढायची. असं कुणी तिला शिकवलेलं नव्हतं. मी तो व्हिडिओ कणीक मळताना पाहिला, भाजी चिरताना पाहिला, आणि दर वेळी संपला की पुन्हा पहिल्यापासून लावला. पण का, ते अजून उमगलं नव्हतं.

उमगलं ते सोमवारी. होस्टेलच्या जेवणघरात टीव्ही आहे. हिवाळ्यात सोमवारी सकाळी सात वाजता काही पोरं अमेरिकेतला फुटबॉल लावून बसतात. तो आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडायचं. मला तो बघायला आवडतो, कारण त्यात कबड्डी आहे. एक जण घुसतो आणि बाकीचे त्याला आडवा करतात. त्या पोरांतला एक लहानपणी बरीच वर्षं अमेरिकेत राहिलेला. मी त्याच्या ताटात पराठा टाकताना सहज विचारलं, हा चेंडू घेऊन पळतोय, ह्या जागेवर प्रत्येक संघात काळाच माणूस कसा?

त्यानं खाता खाता मला समजावून सांगितलं. म्हणाला, पळणाऱ्याची जागा काळ्यांची, असं तिथं धरूनच चालतात. मागं उभा राहून चेंडू फेकणारा, सगळ्यांना हुकूम सोडणारा जो असतो, ती जागा कितीतरी वर्षं गोऱ्यांची. शाळेत चांगला फेकणारा काळा पोरगा वर गेला की त्याला सांगायचे, तू पळ, तुझ्या पायात जोर आहे. आता ते पुष्कळ बदललंय. पण उलटंही होतं. एखाद्या गोऱ्या पोराला पळायचं असलं तर त्याला म्हणतात, तू दुसरं काहीतरी कर. आणि पळणाऱ्याला सगळे आपटतात, चार-पाच वर्षांत गुडघे जातात, मग नवा आणतात.

मग हसून म्हणाला, "अंकल, खेल बाद में देखते हैं, शकल पहले।"

मागून मेसचा मुख्य आचारी ओरडला, "ओ मराठे, तवा जलता है!" इथं मला सगळे मराठा म्हणतात. महाराष्ट्रातला, म्हणून मराठा. गावाकडं मला कुणी असं म्हटलं असतं तर म्हणणारा आणि मी दोघंही घाबरलो असतो. इथं मी ते कधी खोडून काढलं नाही.

तव्यावरचा पराठा खरोखर जळला होता. मी तो खरवडत होतो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. सरांनी निदान माझे हात तरी पाहिले होते. मी माझ्या पोरीचं काय पाहिलं? आडनावच पाहिलं की.

निवड बुधवारी होती. फॉर्म सरांकडं गेलेला. नाश्त्याचं आटोपल्यावर मी मागं सिलेंडरच्या जाळीपाशी गेलो. काय बोलायचं ते आधी भाजीच्या यादीच्या पाठीवर लिहून काढलं, कारण सरांपुढं माझी जीभ आजही वळत नाही. दोनदा नंबर लावला आणि एकदा वाजताच कापला. तिसऱ्यांदा सरांचाच फोन आला.

"काय रे, मिसकॉल देतोस का मला? तिकडं जाऊन लय हुशार झालास."

मी त्यांच्या साखरेची चौकशी केली. गुडघेदुखीची केली. येलदरी धरणाचं पाणी आलं का विचारलं, ज्याच्याशी माझा काही संबंध नव्हता. सर म्हणाले, काम बोल, मला अंघोळ करायची हाय.

"सर, पोरीच्या फॉर्मवर कोपरा लिहिलंय."

"हां. तिच्याच अक्षरात हाय."

"मी सांगितलं होतं लिहायला. ते चुकलं माझं. तिला एक चढाई द्या सर. एकच. बघून मग तुमी म्हनाल तिथं उभी करा."

पलीकडं बादलीत पाणी पडत होतं ते ऐकू येत होतं. मग सर म्हणाले, "इतक्या वर्षांत तू कधी मला चढाई मागितली न्हाईस."

यादीच्या पाठीवर याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमी कधी विचारलं न्हाई सर."

नळ बंद झाला. "बुधवारी बघू," म्हणाले आणि फोन ठेवला.

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रुमालात बांधलेली ती अंडी डोळ्यांपुढून हलेनात. ज्या माणसानं माझी पिशवी बाकाखाली सरकवली त्याला मी तोंड वर करून बोललो होतो. आणि नुसतं पाप लागायचं असतं तर मी सोसलं असतं. भीती वेगळीच होती. सर रागावले असतील तर पोरीची चढाई तर जाईलच, कोपराही जाईल. गप्प बसलो असतो तर निदान कोपरा पक्का होता. फोन करून माफी मागावी असं चारदा मनात आलं. आमटीत मीठ दुसऱ्यांदा पडलं, आचाऱ्यानं शिव्या घातल्या. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, आता बोललात ना, मग आता भिऊन काय करता. पोरीला मी काहीच सांगितलं नव्हतं.

बुधवारी दुपारी फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. कोपरानं फोन चालू केला. बायको आणि पोरगी पाथरीच्या बसस्टँडवर उभ्या होत्या, मागं जीपवाले सेलू-सेलू ओरडत होते.

ती एका दमात सांगत सुटली. सरांनी आधी कोपऱ्यात उभं केलं. दोन पकडी झाल्या. मग एकदम तिचं नाव घेऊन म्हणाले, जा चढाईला. तिला काही कळेना. गेली, समोरच्या संघाच्या उजव्या कोपऱ्यातल्या पोरीच्या हाताला बोट लावलं आणि परत आली. परत आली ती सवयीनं सरळ आपल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"मग?" मी विचारलं.

"मग सरांनी शिट्टी काढली तोंडातून. म्हनले, तिथं कुठं चाललीस? जा परत."

मी ओट्याला टेकलो. कणीक सगळ्या फोनला लागली.

पुन्हा गेली, तेव्हा काहीच मिळालं नाही. तिसऱ्या वेळी तिघींनी धरली, ढोपर सोललं. त्यावर सर तिच्या आईला म्हणाले म्हणे, बापासारखीच हट्टी हाय. मी किती वेळ त्याच शब्दावर अडकलो होतो. मला आजवर कुणी हट्टी म्हटलं नव्हतं. मी हट्टी कधी होतो? रेषा ओलांडली त्या दिवशी? म्हणजे ते सरांच्याही लक्षात होतं?

बारा जणींच्या यादीत तिचं नाव लागलं. मी संध्याकाळी सरांना फोन केला, तिला संघात घेतलं म्हणून आभार मानले. ते जास्त बोलले नाहीत. पोरीला रोज अंडं दे म्हणाले. आणि मग, मी ठेवणार तेवढ्यात, म्हणाले, "फॉर्म मी लिहीत नसतो रे. घरचेच लिहितात." ते मला बोलले की स्वतःला समजावत होते, कळलं नाही. मी "हो सर" म्हणालो. जागा सरांनी ठरवली आणि फॉर्मवर ती आमीच लिहिली, ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, असं मला वाटतं, आणि त्यातली एक माझ्या वाट्याची आहे.

काल स्पर्धेचा फॉर्म आला. तेच रकाने. ह्या वेळी तिनं फोन केला नाही. भरून झाल्यावर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, भरला. मी फोटो मोठा करून पाहिला. खेळण्याच्या जागेपुढं 'चढाई' लिहिलंय, पेन दोनदा फिरवून, कागद फाटेल इतकं दाबून. पालकाची सही तिच्या आईनं केलीय. तिच्याखाली मार्गदर्शकाच्या, म्हणजे सरांच्या सहीची रेघ आहे. फोटोत ती मोकळी आहे. आज सकाळपासून मी सारखा फोन पाहतोय. पराठे आज जरा जास्तच लाल झालेत.