तहसीलसमोरची बोलती मशीन

धारूरच्या तहसीलसमोर पत्र्याच्या टपरीत दोघं बसतात. डाव्या अंगाला आप्पाराव, स्टॅम्पवाले. उजव्या अंगाला राधाकिशन, अर्ज लिहून देणारा. टपरी आप्पारावांची, राधाकिशन त्यातला भाडेकरू.

राधाकिशनला दिसत नाही. सातव्या वर्षी तापात डोळे गेले ते गेलेच. बापानं त्याला अंधशाळेत नेऊन घातलं, तिथं तो टाईपरायटरवर बोटं चालवायला शिकला आणि नंतर कॉम्प्युटरवर. सकाळी बायको, वनमाला, टपरीपर्यंत सोडते आणि शेताला निघून जाते. त्यानंतर दिवसभर त्याला कुणाची गरज लागत नाही. कोण आलं ते चपलेवरनं कळतं, कोण नुसतंच टेकायला आलंय ते खोकल्यावरनं.

त्याची मशीन बोलते. बटण दाबलं की अक्षर सांगते, ओळ संपली की ओळ वाचते. आवाज घोगरा, नाकातला, पडसं झालेल्या मास्तरासारखा. अर्ज पुरा झाला की राधाकिशन तो स्पीकरवर मोठ्यानं वाचायला लावतो. समोरची बाई अंगठेबहाद्दर का असेना, आपण बोललो तेच कागदावर उतरलंय हे तिला कानानं पटतं. डोळस माणूस मनाचं काहीबाही वाचून दाखवील, मशीन तसं करत नाही, अशी लोकांची खात्री. म्हणून पार चकलांब्याकडची सोयरी माणसंसुद्धा धारूरला आली की अर्ज त्याच्याकडूनच लिहून नेतात.

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधीचे आठ-दहा दिवस म्हणजे राधाकिशनचा हंगाम. पोरांना मागं वसतिगृहात ठेवायचे अर्ज, रेशन तिकडं मिळावं म्हणून अर्ज, दाखल्यांचे अर्ज. माणसाला माणूस खेटून उभं राहतं. आणि नेमकं याच दिवसांत मशीनचं तोंड बंद झालं.

त्याचं असं झालं. बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारी स्वप्नाली म्हणाली होती, "काका, तुमच्या जुन्या विंडोजला आता अपडेट येणार न्हाईत. लिनक्स म्हणून दुसरी सिस्टिम टाकून देते, फुकट हाय आन बोलतीय पण." रविवारी तिनं मशीन नेली, सोमवारी सकाळी आणून जोडली. बोलणारा प्रोग्राम सुरू करायची तीन बटणं तिनं त्याला शिकवली. त्यानं ती दाबली. पंखा घुमला, बाकी चिडीचूप.

स्वप्नालीनं वायर काढून घातली. बंद करून चालू केलं. स्पीकर आपल्या मोबाइलला लावला, तिथं तो ठणठणीत वाजला. आवाज चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, परत टाकला. तासभर तिची खटपट चालली.

"काका, आवाजाची पट्टी हलतीय इथं. म्हंजी आवाज निघतोय, पण जातोय कुठं तेच कळंना."

"मग जुनंच टाक की परत."

"ते पुसलं ना. तुमच्या फायली तेवढ्या ठेवल्यात." तिनं स्पीकर परत जागेवर ठेवला. "साऊंडचा भाग गेला आसंल. अंबाजोगाईवरनं मागवावा लागंल. आठ दिवस धरा."

पलीकडून आप्पारावांनी सुपारी कातरता कातरता ऐकलंच होतं. "आठ दिवसांत समद्या टोळ्या कोयते घिऊन कर्नाटकात पोचत्याल बे. राधाकिशन, आमचा सोमेश्वर घरी रिकामाच हाय. त्येला बसवतो तुझ्या जागी. तू आपला बाजूला बस, लोकांस्नी नाव-गाव इचार, चहा पी."

सोमेश्वर म्हणजे आप्पारावांचा भाचा. ऐन हंगामात आठ दिवस खुर्चीत बसलेला भाचा नवव्या दिवशी उठत नसतो, हे राधाकिशनला कुणी सांगायची गरज नव्हती. टपरीही मामाचीच.

"सोमेश्वरनं मागं एक अर्ज लिवलता," राधाकिशन म्हणाला. "जित्या बाईला मयत करून टाकलं त्यानं."

"एकदाच झालं ते!"

"बाईला मरायला एकदाच पुरतंय, आप्पाराव."

रांगेतली माणसं हसली. पण हसण्यानं अर्ज होत नव्हते. दोघं-तिघं निघून गेल्याचं त्याला ऐकू आलं. आप्पारावांनी फोन काढला आणि भाच्याला सांगितलं, ये म्हणून.

सगळ्यात पुढं सुनिता उभी होती, टोळीतली बाई. "भाऊ, आमचा ट्रॅक्टर उद्या निघतोय. पोरीला वसतिगृहात ठेवायचंय. मागल्या साली दुसऱ्याकडनं लिवून घेतलं, त्यानं वय चुकीवलं आन पोरगी हंगामभर माझ्यासंगं फडात. औंदा मशीननं वाचल्याबिगर मी अंगठा द्यायची न्हाई. बसते मी." आणि ती खरंच खाली बसली.

राधाकिशन म्हणाला, "स्वप्नाली, पहिल्यापासून सांग बरं. तू काय काय बदललं?"

"सिस्टिम."

"आन?"

"आतली धूळ काढली. जाळं धरलं व्हतं लई."

"आन?"

"आन काय... स्क्रीन. जुनी लई लुकलुकत व्हती, म्हणून दुकानातली एक पातळवाली लावली. पण तिचा काय संबंध? तुमाला तर ती लागत पण न्हाई."

खरं होतं. मशीनचा भाग न भाग त्याच्या बोटांना पाठ होता, पण स्क्रीनला त्यानं बारा वर्षांत हात लावला नव्हता. ती गिऱ्हाइकांसाठी. धूळ पुसतानासुद्धा तो तिला वळसा घालून जायचा.

आता त्यानं हात पुढं केला. कोमट, गुळगुळीत पाठ. खाली एक वायर, तोंडाला चपटी. जुनी वायर दोन्ही बाजूंनी स्क्रूनं आवळलेली असायची, त्याला आठवलं. सीपीयूच्या टोकाला त्यानं ती कैकदा चाचपली होती. ही नुसतीच खुपसलेली. तिच्या शेजारी, आत दडलेलं, एक गोल भोक.

"ह्ये कशाचं भोक?"

स्वप्नाली वाकली. "कुठाय? लई आत हाय, दिसंना."

"दिसत न्हाई त्ये मला नगं सांगू. मोबाइलला आसतंय तसलंच हाय."

त्यानं खिशातली हेडफोनची वायर सोडवली, एक बोंडूक कानात घातलं, दुसऱ्या टोकाची पिन त्या भोकात बसवली आणि तीन बटणं दाबली. कानात घोगरा आवाज आला, "स्क्रीन रीडर चालू."

त्यानं लगेच कीबोर्ड पुढं ओढला.

"सुनिताबाई, पोरीचं नाव?"

"राजनंदिनी."

बोटं चालायला लागली. आप्पारावांचा अडकित्ता थांबला. "आरं मशीन मुकी हाय ना? मग काय लिवतूस बे?"

राधाकिशननं दुसरं बोंडूक स्वप्नालीकडं धरलं. तिनं ते कानाला लावलं आणि कपाळावर हात मारून घेतला. जुनी वायर फक्त चित्र नेत होती, ही चपटी वायर आवाजही नेते. नव्या सिस्टिमनं हीच वाट धरली होती आणि सगळा आवाज स्क्रीनमध्ये ओतत बसली होती, जिच्यात स्पीकरच नाही.

"आवाज कुठनं काढायचा त्या यादीत तीनदा वाचलं मी स्क्रीनचं नाव," ती म्हणाली. "मला वाटलं, ते चित्राचं आसंल." तिनं माऊस फिरवला, यादीतलं खालचं, स्पीकरचं नाव निवडलं, राधाकिशनला पिन काढायला सांगितली. टेबलावरचा स्पीकर एकदम खरखरला.

अर्ज पुरा झाला. मशीननं तो भर टपरीत वाचला. वय वर्षे सात, असं आलं तशी सुनिता उठून उभी राहिली.

"आठ! सात न्हाई, आठ झालीत."

"तुमीच सात म्हणलात."

"गडबडीत म्हणलं आसंल. आठ करा."

त्यानं आठ केलं, तेवढी ओळ परत वाचायला लावली आणि प्रिंटरमधनं कागद काढून दिला. सुनितानं अंगठा टेकवला, कागद घडी न घालता पदराआड धरला आणि तहसीलच्या खिडकीकडं पळाली. मागचा माणूस पुढं सरकला. गेलेल्यांपैकी एकाच्या चपला परत आल्या.

पलीकडं आप्पाराव फोनवर बोलत होते. "सोमेश्वर, कुठवर आलास?... न्हाई, नगं येऊ. चालू झाली ती... आरं आता मी काय करू? झाली चालू." भाच्याचं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बरं, निघालाच आसशील तर ये. यिताना चुना घिऊन ये."