आईचा सतरा नंबर

माझ्या आईने माझा गेम बावीस वेळा रिजेक्ट केला. बावीस! माझ्या नाकावर राग असतो हे वर्तकनगरातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे, तरी बाविसाव्या वेळेपर्यंत मी कशी गप्प राहिले ते माझं मलाच ठाऊक. खरं सांगायचं तर राहिले नाही. तेच सांगायला बसलेय.

आधी गेम कसला ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मोबाइलवरचा. हातात धरून खेळायचं एक छोटं यंत्र आहे माझ्याकडे, साबणाच्या डबीपेक्षा जरा मोठं. मध्ये स्क्रीन, डावीकडे चार दिशांचं बटण, उजवीकडे चार गोल बटणं. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. पण जाता जाता त्यांनी एक भलं काम केलेलं. यंत्राचे सगळे नकाशे, आतला सगळा प्रोग्रॅम जगाला खुला करून टाकलेला. कुणीही उघडावं, दुरुस्त करावं, त्याच्यासाठी गेम लिहावा. म्हणून ते अजून जिवंत आहे. जगात कुठे कुठे विखुरलेली मूठभर वेडी माणसं अजून त्याच्यासाठी घरी बसून गेम लिहितात, फुकट वाटतात आणि एकमेकांच्या चुका काढतात. त्यांचा एक ऑनलाइन कट्टा आहे. त्या कट्ट्यावरची ठाण्याची वेडी म्हणजे मी. माझं यंत्र डोंबिवलीच्या एका कॉलेजातल्या मुलाने कंटाळून विकायला काढलेलं, तेव्हाच ते म्हातारं होतं.

माजिवड्याला माझं ऑफिस आहे. तिथे हे सांगितलं की लोक हसतात. "अगं, फोनवर कर ना, चार लोक तरी खेळतील!" मी म्हणते, फोनवर काय डोंबलाची मजा? तिथे हवी तेवढी जागा. या यंत्रात जागा इतकी कमी की एक चित्र वाढवायचं तर दुसरं काढावं लागतं. एका खोलीत पाच माणसांचा संसार बघत वाढलेल्या बाईला हे काम कुणी शिकवावं लागत नाही.

गेमचं नाव 'पाणी आलं!'. मी लहान असताना कॉलनीत सकाळी तासभर पाणी यायचं. कुणीतरी जिन्यातून ओरडायचं, "पाणी आलं!", आणि चारही मजल्यांवर धावपळ सुरू. गेममध्ये तेच. पाणी जायच्या आत प्रत्येक मजल्यावरची पिंपं, हंडे, कळश्या, बादल्या भरायच्या. सांडलं तर तळमजल्यावरची बाई शिव्या घालते. कुणी चोरून मोटर लावली की तुमच्या नळाची धार बारीक होते, मग जाऊन त्याचं दार वाजवायचं. कट्ट्यावर एका परदेशी माणसाने विचारलेलं, "सगळं छान आहे, पण पाणी का जातं?" मी लिहिलं, "ते आम्हालाही कधी कळलं नाही."

आता आईकडे येते. आई वागळे इस्टेटमध्ये औषधाच्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर होती. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या भरून, बंद होऊन यायच्या. समोर दिवा, दिव्यामागे अर्धा काळा आणि अर्धा पांढरा फळा. कुपी उचलायची, हलकेच फिरवायची, आधी काळ्यासमोर धरायची, मग पांढऱ्यासमोर. काळ्यावर पांढरा तंतू दिसतो, पांढऱ्यावर काळा कण दिसतो. दिवसभर हेच. पास झालेल्या प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी जायची, 'तपासले', आणि पुढे तपासणाऱ्या बाईचा नंबर. आईचा नंबर सतरा. घरी मिरवायची नाही, पण डॉक्टरकडे कधी खोकं दिसलं तर आत डोकावून बघायची, आपली चिठ्ठी आहे का.

या बायकांच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा तर त्यांचीही तपासणी हवी. म्हणून सुपरवायझर अधूनमधून न सांगता ट्रेमध्ये मुद्दाम खराब कुप्या मिसळायचा. त्यांना 'टाकलेल्या' म्हणायचे. एकदा त्याने आईच्या ट्रेमध्ये तीन टाकल्या होत्या म्हणे. आईने दोनच काढल्या. आई म्हणाली, ट्रेमध्ये दोनच होत्या. तो म्हणाला, तीन होत्या, तुमचे डोळे गेले, बाई. तिला टेबलावरून उठवलं आणि लेबलं चिकटवायला बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सतरा नंबर एका नव्या मुलीला देऊन टाकला.

आई रिटायर होईपर्यंत लेबलं चिकटवत राहिली. ती घरी म्हणायची, "दोनच होत्या गं." आणि मी, कॉलेजात शिकलेली शहाणी, तिला म्हणायचे, "जाऊ दे ना आई, वय झालं की होतं असं." हे मी किती वेळा म्हटलं असेन! आठवलं की अजून लाज वाटते.

तर ही बाई माझ्या गेमच्या वाटेला कशी आली? एका रविवारी विहारातून परत आली, मी टेबलावर यंत्र ठेवून चहा करत होते. "बघू," म्हणाली. मला वाटलं दोन मिनिटं खेळेल आणि ठेवून देईल. कसलं काय! पदर खोचून खुर्चीत बसली. आधी पूर्ण गेम फक्त गडद रंगांकडे बघत खेळली, मग पुन्हा पहिल्यापासून फक्त फिकट रंगांकडे बघत. मध्ये थोडा वेळ डोळे मिटून बसली, तेही कंपनीत डोळ्यांना विसावा द्यायचा नियम होता तसंच. मग जुन्या कॅलेंडरची पानं फाडून पाठीमागे एकेक चूक लिहिली. "तिसरा मजला. हंडा भरला तरी धार चालू." "बाईची बांगडी डाव्या हातात आहे, वळली की उजव्या हातात जाते." त्या बांगडीच्या चुकीपुढे तर मी हात जोडले. चार ठिपक्यांची बांगडी होती ती!

त्यानंतर रोजचंच झालं. सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी दुरुस्त केलेला गेम यंत्रात भरून ठेवायचे. संध्याकाळी टेबलाच्या उजव्या बाजूला चिठ्ठ्या. वर मोठ्या अक्षरात 'रिजेक्ट'. आधी मला गंमत वाटली, मग कौतुक, मग डोक्याला ताप. पण एक सांगते, गेम सुधारत होता. जीव ओतून काम करणं म्हणजे काय ते मी ऑफिसात नाही, त्या चिठ्ठ्यांमध्ये बघितलं.

कट्ट्यावर दरवर्षी स्पर्धा असते. त्या वर्षीची मुदत संपायला चार दिवस उरले आणि चिठ्ठ्या संपत आल्या. उरली फक्त एक, रोज तीच. "चौथा मजला. शेवटची बादली ठेवताना यंत्र थांबतं."

मी तपासलं. एकदा नाही, पन्नासदा. लॅपटॉपवर त्या यंत्राची हुबेहूब नक्कल चालवता येते, मी सगळं काम त्यावरच करते. चौथा मजला, शेवटची बादली, सगळं व्यवस्थित! आईला दाखवलं. ती म्हणाली, "माझ्याकडे थांबतं." मी म्हटलं, "आई, असं कसं होईल? तुझं बोट चुकीच्या बटणावर पडत असेल." ती म्हणाली, "रिजेक्ट म्हणजे रिजेक्ट." आणि माझं डोकं फिरलं. अहो, किती ऐकायचं माणसाने! मी फाडकन बोलून गेले, "तुला काहीतरी चूक दिसलीच पाहिजे, नाहीतर तुझा दिवस जात नाही. आता तुझे डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत, हे मान ना एकदा!"

तिने भाजी निवडायला घेतली. मेथीची जुडी होती.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण रागात माणूस शहाणं थोडंच असतं? दुसऱ्या दिवशी सकाळी गेममध्ये मी मुद्दाम एक चूक घातली. दुसऱ्या मजल्यावरची निळी बादली भरली की हिरवी व्हायची. म्हटलं, बघू तरी, हिला खरंच दिसतं का. नाही दिसलं तर तिची ती चौथ्या मजल्याची चिठ्ठी बाजूला ठेवायची आणि गेम पाठवून द्यायचा. ज्या सुपरवायझरला मी मनातल्या मनात हजार शिव्या दिल्या, त्याचंच काम मी केलं. आणि ते मला त्या वेळी कळलंसुद्धा नाही.

संध्याकाळी आले. उजवीकडे एकच चिठ्ठी. "चौथा मजला. शेवटची बादली ठेवताना यंत्र थांबतं." बादलीचा रंग? अवाक्षर नाही.

मला वाटलेलं, जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. म्हणजे सुपरवायझर बरोबर होता. म्हणजे इतकी वर्षं आई स्वतःची समजूत घालत होती. मी खुर्चीत बसले आणि जेवढ्या मऊ आवाजात जमेल तेवढ्या मऊ आवाजात म्हटलं, "आई, दुसऱ्या मजल्यावर काही दिसलं नाही का गं तुला?"

तिने ओट्यावरून हात पुसत टेबलाच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे पाण्याच्या तांब्याखाली घडी घातलेला एक कागद होता. उघडला. "दुसरा मजला. निळी बादली हिरवी होते. टाकलेली."

"टाकलेली कुपी रिजेक्टमध्ये धरायची नसते," आई म्हणाली. "न बोलता डावीकडे ठेवायची. सुपरवायझर येऊन घेऊन जातो."

मी कागद पुन्हा एकदा वाचला. शेवटी विचारलं, "पण टाकलेली आहे हे तुला कळलं कसं?"

"अगं, खरी चूक अशी मधोमध येऊन उभी राहते होय? ती कडेला असते, बुडाशी असते, आपण वळलो की दिसते. टाकणाऱ्याला भीती असते, आपली आपल्यालाच परत सापडायची नाही, म्हणून तो समोर टाकतो." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "एकच टाकलेलीस ना?"

"एकच."

"मग बरोबर आहे."

मी रडले. लपवत नाही, चांगली हुंदके देऊन रडले. म्हटलं, "आई, त्या दिवशी ट्रेमध्ये दोनच होत्या." ती म्हणाली, "ते मी तेव्हाच सांगितलेलं." आणि कुकर लावायला गेली.

मग मी पहिल्यांदा लॅपटॉप बंद केला आणि यंत्र हातात घेऊन, तिच्यासारखी टेबलाशी बसून खेळले. चौथा मजला. शेवटची बादली. पहिल्या वेळी काही झालं नाही, दुसऱ्या वेळी नाही, सातव्या वेळी यंत्र ढिम्म थांबलं. आई मागे उभी होती. "बटण बघ," म्हणाली, "झिजलंय ते. एकदा दाबलं तरी कधी कधी दोनदा लागतं." मी कपाळावर हात मारला. लॅपटॉपचं बटण धडधाकट, ते एकदा दाबलं की एकदाच लागणार. म्हाताऱ्या यंत्राचं बटण थरथरतं. शेवटची बादली दोनदा ठेवली जायची, गेमला वाटायचं इमारतीत आहेत त्यापेक्षा एक बादली जास्त झाली, आणि तो गांगरून थांबायचा. जगातली ही सगळीच यंत्रं आता म्हातारी झालीत. म्हणजे माझा गेम प्रत्येकाच्या हातात चौथ्या मजल्यावर मेला असता.

दुरुस्तीला चार ओळी लागल्या. बटण लागल्यावर क्षणभर थांबायचं, त्या क्षणातला दुसरा दाब मोजायचा नाही. निळी बादली निळी केली. आणि गेम संपल्यावर दिसणारा एक नवा पडदा केला. बाकी लोक तिथे स्वतःची नावं टाकतात. मी एक पांढरी चिठ्ठी काढली, तिच्यावर काळ्या अक्षरात: तपासले – १७.

बाविसाव्या वेळी आईने पूर्ण गेम खेळला, दोनदा, मध्ये डोळे मिटून. चौथा मजला गेला. शेवटी चिठ्ठी आली. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता ती रडेल, मी रुमाल शोधायला लागले.

"सातचं टोक खाली कापलं गेलंय," ती म्हणाली. "रिजेक्ट."

गेलं होतं. एक ठिपका. मी तो भरला, आणि तेविसाव्या वेळी गेम पास झाला.

स्पर्धेत आमचा गेम पहिला आला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, आणि हे मी, माझ्यासारखी भांडकुदळ बाई सांगतेय. कारण कट्ट्यावरच्या सगळ्यांत जुन्या माणसाने खाली लिहिलेलं: माझ्या यंत्राची बटणं पार गेलीत, बाकीचे गेम कुठे ना कुठे अडकले, हा एकदाही थांबला नाही. आणि मग विचारलेलं, हे सतरा कोण?

मी आईला वाचून दाखवलं, मराठीत करून. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"ती चिठ्ठी तिकडे सगळ्यांना दिसते?"

"सगळ्यांना. जो जो गेम संपवेल त्याला."

"मग लिही त्यांना, सतरा म्हणजे तुझी आई." यंत्र हातात घेत ती म्हणाली, "आणि हे बघ, पुढच्या गेमला तुला दुसरं कुणी तपासायला मिळालं ना, तर त्याला दुसरा नंबर दे. हा आता कुणाला द्यायचा नाही."