जेवाल तेवढी पोथी

कुंभकोणमला जाऊन आल्याला आता बरीच वर्षं झाली. तिथे आम्ही काम काय केलं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. काय खाल्लं, एवढंच विचारतात. आम्ही तिघे भेटलो की आमचीही गाडी तिकडेच वळते आणि दर वेळी एखादा विसरलेला किस्सा वर येतो. म्हटलं, एकदाचे लिहून काढू. तर आत्ताच भूक लागली आहे.

तिघे म्हणजे कोण? नाना, शाळेत संस्कृत शिकवणारे, आमचे म्होरके आणि आम्लपित्ताचे जुने रोगी. विनू, कचेरीतला कारकून, अंगाने काडी आणि पंगतीत वाघ. आणि मी, अक्षर बरं म्हणून सोबत नेलेला.

कुंभकोणमच्या आप्पारावांकडे जुन्या मराठी पदांची एक पोथी होती. तिची सव्वाशे सुटी पानं उतरवून आणायची, एवढंच काम. रजा तीन आठवड्यांची. पुन्हा इतक्या लांब यायला आम्हांला रजा कोण देणार? त्यामुळे पोथी पुरी होणं भाग होतं.

*

आप्पारावांचे पूर्वज तंजावरच्या दरबारातले. राज्य खालसा झालं आणि घराणं कुंभकोणमला आलं. घराबाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये, पण उंबऱ्याच्या आत अशी मराठी, की एखादी बखर उठून बोलायला लागली असं वाटावं.

पोहोचल्याबरोबर नानांनी पोथीचा विषय काढला. "बैसा," आप्पाराव म्हणाले. "आधीं जेवा. पोथी कोठें पळोन जात नाहीं."

जेवलो. नानांनी पथ्याचा दहीभात दोन घास खाल्ला. विनूने सांबारभात तीनदा घेतला, सारभात दोनदा, आणि पायस किती वेळा ते मी मोजलं नाही. मग आप्पारावांनी पोथी सोडली. नानांपुढे दोन पानं ठेवली आणि विनूपुढे अकरा.

नाना चिडले. "ही काय रीत झाली? मी संस्कृतचा शिक्षक आहे."

"तुम्हीं घाईनें उठलां," आप्पाराव शांतपणे म्हणाले. "जो घाईनें जेवितो तो घाईनें लिहितो. मग पदांत चुका होताती."

त्या दिवसापासून आमच्यातला सगळ्यांत मोठा विद्वान विनू ठरला.

*

नाना चहाचे. तिथे सकाळी कॉफी. पितळेच्या पेल्यातून पसरट वाटीत ओतायची, परत पेल्यात ओतायची, फेस आणायचा आणि मग ओठ न लावता वरून तोंडात सोडायची. नानांनी पहिल्या दिवशी सोडली ती थेट नाकात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "थोडा चहा मिळेल का?"

आप्पारावांच्या पत्नी चंद्राबाई लगबगीने आत गेल्या. नाना खूश झाले. अर्ध्या तासाने चहा आला, आणि चहाबरोबर वैद्य आला. त्या घरात चहा फक्त ताप आल्यावर देत असत. वैद्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि दोन दिवस लंघन सांगितलं. जेवण नाही म्हणून नानांना दोन दिवस पोथीही नाही.

*

नाना मोठे नीटनेटके. लंघन सुटल्यावर ते पोटभर जेवले आणि उठताना केळीचं पान छान दुमडून ठेवलं. आपल्याकडे कोण पान दुमडतं? पण इथे सगळे दुमडतात हे त्यांनी पाहिलं होतं. फक्त कुठल्या बाजूला, ते पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी आपल्याकडे दुमडलं होतं. नानांनी पलीकडे.

चंद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी आप्पारावांनीच सांगितलं, "ऐसें तेराव्याच्या जेवणांत करिती. म्हणजे या घरीं पुन्हा ऐसा प्रसंग नको."

नाना पांढरेफटक पडले. "यावर काही उपाय?"

उपाय होता. नवं पान मांडलं, मिठापासून पायसापर्यंत सगळं पुन्हा वाढलं, आणि नानांना ते अख्खं जेवण दुसऱ्यांदा जेवावं लागलं. मग त्यांनी पान आपल्याकडे दुमडलं. त्या दुपारी त्यांना पोथीची चौदा पानं मिळाली, पण बसून लिहिता येईना. आडवं पडून ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो.

*

समोरच्या घरीही मराठी कुटुंब. त्यांनी एका संध्याकाळी विनूला फराळाला बोलावलं. तुपात निथळणारा सोज्जी, म्हणजे आपला शिराच, आणि गरम भजी. घरातल्या मुलीने बशी आणून ठेवली, नमस्कार केला, एक पद म्हटलं. विनूला वाटलं, काय आतिथ्य आहे! त्याने आणखी शिरा मागितला. पदही आणखी एक म्हणायला लावलं. वर यजमानांना म्हणाला, "असं घर मिळायला भाग्य लागतं."

तासाभरात समोरचे गृहस्थ विड्याचं तबक घेऊन आप्पारावांकडे हजर. विनूचं गोत्र काय, पत्रिका कुठे आहे?

सोज्जी आणि भजी तिथे मुलगी दाखवताना करतात. विनूला पुण्यात बायको होती आणि दोन मुलं होती.

आप्पारावांनी हात जोडून ते प्रकरण मिटवलं. पण राग त्यांना वेगळ्याच गोष्टीचा आला होता. "तेथें इतुकें खाऊन आलां," ते विनूला म्हणाले, "आतां आमचे घरीं काय जेवाल?" विनू खरोखरच जेवू शकला नाही. दोन दिवस पोथी बंद.

*

असं करत निघायचा दिवस आला. दुपारची गाडी. सकाळी मोजलं तर एकच पान उरलेलं. आम्ही तिघे अगदी मन लावून जेवलो. नानासुद्धा. पथ्य केव्हाच सुटलं होतं.

हात धुऊन आलो तो आप्पाराव पोथी मांडीवर घेऊन बसलेले. ते शेवटचं पान त्यांच्या हातात होतं आणि ते काही देत नव्हते. बाहेर बैलगाडी उभी होती. "वडील गेल्यावर," ते पानाकडे बघत म्हणाले, "मुलखाकडील कोणी या घरीं आलें नव्हतें." मग त्यांनी पान नानांपुढे धरलं.

मी दौत उघडली. दहा ओळींचं काम होतं.

नानांनी पान घेतलं नाही. तीन आठवडे ज्या पोथीसाठी त्यांनी पोटावर इतके अत्याचार सोसले, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"राहू द्या," ते म्हणाले. "आता पोट भरलं. हे पुढच्या वर्षी."

आप्पारावांनी पान पोथीत सारलं, फडक्याची गाठ बांधली. चंद्राबाई आतून आमच्यासाठी शेवटचं पायस घेऊन येत होत्या. त्यांना त्यांनी हाताने थांबवलं.

"नको गे. आग्रह करूं नको. पुरे म्हणताती."