उंच केलेली जीप
नव्या टायरचा वास आला की वडिलांची जीप आठवते. मिलिटरीतून आल्यावर त्यांनी ती जुनी घेतली होती आणि जतकडच्या खेड्यांतले आजारी लोक ते तिच्यातून सांगलीला दवाखान्यात आणत. ओढ्यातल्या दगडांना तिचं पोट घासायचं. म्हणून ती उंच करायला गॅरेजात नेली, तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, "किती उचलू?" वडील म्हणाले, "पोरगं कालेजात हाय, त्याला इचार." मी चाचरत सांगितलं, स्प्रिंगला दोन पाटे वाढवा, टायर मोठे घाला. जीप ओढा सहज ओलांडू लागली, पण पहिल्याच दिवशी एका आजारी म्हातारीचा पाय वर पोचेना. "आरं, ही जीप हाय का पिकाच्या राखणीचा माळा?" ती म्हणाली. माझी मान खाली गेली. वडिलांनी गुडघा टेकून मांडी पुढं केली. "मावशी, द्या पाय हितं. पोरानं गाडी लय झ्याक केलीया." आजही कुणाला काही सुचवताना त्यांच्या खाकी पँटवरचं ते धुळीचं पाऊल मला आधी दिसतं.