दोन बोटांची फट

माझ्या थोरल्या जाऊबाईला कामावर कुणी नावाने हाक मारत नसे. 'चौथा मजला' म्हणत. "चौथा मजला, सात चिठ्ठ्या आल्यात बघा." "काय, चौथा मजला आज जेवला की नाही?" देशातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात मोठं ग्रंथालय. पुस्तकांचे सहा मजले, आणि त्यातला चौथा एकतीस वर्षं हिच्या ताब्यात. खाली वाचक चिठ्ठी लिहायचा, चिठ्ठी वर यायची. ही पुस्तक काढायची, रिकाम्या जागी लाकडी पट्टी उभी करून तिला ती चिठ्ठी अडकवायची, आणि छोट्या लिफ्टमधून पुस्तक खाली सोडायची. चिठ्ठीशिवाय पुस्तक जागचं हलवायचं नाही, हा तिथला पहिला नियम. तो तिच्या अंगात इतका भिनला होता की घरी माझी कात्री घेतली तरी डब्यात कागदाचा कपटा ठेवून जायची. मी शाळेचे गणवेश शिवते, कात्री दिसली नाही की माझं डोकं फिरतं. मी म्हणायचे, "ताई, भाऊजी बाहेर गेले की त्यांच्या खुर्चीवर पण पट्टी उभी करा."

निवृत्तीच्या आधी मजल्याची मोजणी झाली. चाळीस हजार पुस्तकांत एक कमी. नद्यांच्या मोजणीचा कुठलासा जुना अहवाल, भाग तिसरा. जागेवर ना पुस्तक, ना पट्टी. तीन आठवडे ती शिडीवर चढून धूळ खात होती. सापडलं नाही. मग अधीक्षकांनी रजिस्टरात लिहिलं, 'चौथ्या मजल्यावरून गहाळ', आणि त्यापुढे तिचं पूर्ण नाव. एकतीस वर्षांत तिचं नाव त्या रजिस्टरात आलं ते असं. निवृत्त होणाऱ्यांना जन्मभराचं वाचक-कार्ड देतात, ते हिला नाकारलं. वर निरोपसमारंभात हाच मनुष्य माइकवर हसत हसत म्हणतो, "होतं एखादं पुस्तक इकडचं तिकडे. शेवटी बाईसुद्धा माणूसच आहेत." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! मी तिसऱ्या रांगेत होते. उठून माइक हिसकावणार होते, पण जाऊबाईने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

पुढची दोन वर्षं काय सांगू? शेजारीण खोचकपणे विचारायची, "घरीच नाही ना हो राहिलं चुकून?" मी तिला चांगलीच झापली. पण ते जाऊबाईच्या मनात जाऊन बसलं. एका दुपारी बघते तर हिने कपाट उपसून सगळे कपडे जमिनीवर काढलेले. मग पुन्हा महिन्याने. मग पुन्हा. मी म्हटलं, "अहो ताई, काय शोधताय?" तर खाली बघून म्हणते, "अगं, मीच कधी पिशवीत टाकून आणलं असेल तर?"

चोरी केली म्हणून जग म्हणतंय ते एक वेळ सोसेन मी. पण हिला स्वतःलाच तसं वाटायला लागलं, तिथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिच्या निवृत्तीच्या थोडं आधी ग्रंथालयाचं मोठं दालन रंगरंगोटी करून पाहुण्यांसाठी खुलं झालं होतं. आता दोन वर्षांनी मी त्याची दोन तिकिटं काढली. आधी ती ऐकेना. "त्या दारात मी पाय ठेवणार नाही." मग दोन दिवसांनी आपणच म्हणाली, "बघायचं तर आहे गं. एकतीस वर्षं त्या दालनाच्या डोक्यावर वावरले, आत कधी गेले नाही." कर्मचाऱ्यांना मागचा जिना होता. संगमरवरी पायऱ्या साहेबांच्या आणि पाहुण्यांच्या.

दालन सुंदरच होतं, खोटं कशाला बोलू? घुमट एवढा उंच की बघताना माझी मान अवघडली. पितळी दिवे, मुलामा दिलेले खांब, भिंतभर कपाटं. वाट दाखवणारी मुलगी कानाला माइक लावून गोड आवाजात सांगत होती, "आणि ही आमची सगळ्यांची आवडती भिंत! एका नामवंत सजावटकाराने इथली पुस्तकं रंगांनुसार लावली आहेत. इथे निळी, इथे हिरवी, आणि ही लाल." पाहुणे भिंतीकडे पाठ करून फोटो काढायला लागले.

"रंगांनुसार?" जाऊबाई म्हणाली. "मग सापडणार कशी?"

"ती वाचायची नाहीत, काकू. जुन्या गोदामातली आहेत, नुसती शोभेची."

माझा संताप संताप झाला, पण मी काही बोलणार तेवढ्यात बघते तर जाऊबाई लाल कपाटासमोर खिळलेली. ओठ हलतायत, आवाज नाही. मग बोट उचललं. तिसऱ्या फळीच्या टोकाला एक जाड लाल पुस्तक. पाठीवरची नंबराची चिकटपट्टी खरवडून काढलेली, खालचा कोपरा कुरतडलेला.

"तो कोपरा उंदराने खाल्ला तेव्हा मी आठवडाभर पिंजरे लावले होते," ती म्हणाली. "हे माझं आहे. भाग तिसरा."

ती हात लावायला गेली तर मुलगी घाबरून मध्ये आली आणि तिने अधीक्षकांना फोन लावला. ते आले हसतच. "अरे वा, बाई! आज पाहुण्या होऊन आलात?" जाऊबाईने पुस्तक दाखवलं. त्यांचं हसू जरासं आखडलं. "असेल तसलंच एखादं. लाल पुस्तकं काय कमी आहेत?"

"काढून बघा."

"दालनातलं पुस्तक असं काढता येत नाही. नियम आहे."

नियम! हिच्यासमोर नियमाचं नाव घेतो! मला शिव्या आठवत होत्या त्या सगळ्या मी गिळल्या आणि विचारलं, "वाचकाने चिठ्ठी दिली तर पुस्तक मिळतं ना?" उत्तराची वाट न बघता मी वाचकांच्या चिठ्ठ्या घेतात त्या खिडकीवर गेले, ओळखपत्र दाखवून एका दिवसाचं कार्ड करून घेतलं. चिठ्ठीवर जाऊबाईने सांगितलं तसं लिहिलं. नाव, नंबर, भाग तिसरा. 'ठिकाण' हा रकाना वाचक रिकामा सोडतात. मी लिहिलं: मोठं दालन, लाल कपाट, तिसरी फळी, उजवीकडून पहिलं. अर्ध्या तासात पुस्तक आलं पाहिजे, नाहीतर का आलं नाही ते अधीक्षकांनी सहीनिशी लिहून द्यायचं. हाही नियमच. खिडकीवरचा म्हातारा कारकून चिठ्ठीकडे बघून, मग जाऊबाईकडे बघून म्हणाला, "चौथा मजला!" आणि शिक्का असा हाणला की टेबल हललं.

तिला कार्ड नाकारलेलं म्हणून ती वाचनकक्षाच्या काचेच्या दाराबाहेर बाकावर बसली. मी आत. अठ्ठाविसाव्या मिनिटाला पुस्तक माझ्यापुढे आलं. पहिल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का, खाली नंबर, पुढे 'भाग तिसरा'. मी ते उघडं पान काचेला लावून धरलं. तिने वाचलं आणि पदरात तोंड लपवलं.

मागोमाग अधीक्षक. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, तेव्हा उद्घाटनाची घाई होती. गोदामातली पुस्तकं लावून झाली आणि त्या फळीत दोन बोटांची फट राहत होती. सजावटवाल्याला त्याच उंचीचं लाल काहीतरी हवं होतं. मीच म्हटलं, वरून कुठूनतरी घ्या. नंतर ते डोक्यातूनच गेलं."

"दोन बोटांची फट?" मी म्हणाले. सगळ्या खोलीने माना वर केल्या. "तुमची फट बुजवायला तुम्ही एका बाईला चोर केलंत? तिने दोन वर्षं स्वतःचं कपाट उपसलं!"

"हळू बोला. सापडलं ना आता? 'सापडले' अशी नोंद करतो. आणा ते पुस्तक."

"नाही देत."

वाचकाला पुस्तक संध्याकाळी पाचपर्यंत ठेवता येतं, आणि दुसऱ्या दिवसासाठी राखून घेता येतं. म्हातारा कारकून मला हे मोठ्या प्रेमाने समजावून सांगत होता, साहेब ऐकतील एवढ्या आवाजात. मी राखून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, नवं कार्ड काढलं, पुन्हा राखलं. तिसऱ्या दिवशीही. घरी गणवेशांचा ढीग पडला होता, पडू दे म्हटलं. नद्यांच्या खोलीचे आकडे वाचून वाचून माझे डोळे शिणले, पण मी हलले नाही. लाल फळीत ती फट तशीच राहिली, आणि रोज पाहुणे विचारत होते, इथे काय होतं?

चौथ्या दिवशी अधीक्षक रजिस्टर घेऊन आले. जाऊबाईला आत बोलावलं. काय लिहायचं ते तिने सांगितलं, त्यांनी लिहिलं: 'पुस्तक गहाळ नव्हते. अधीक्षकांच्या सांगण्यावरून चिठ्ठीशिवाय हलवले.' खाली सही. कार्डही दिलं. तिने ते घेतलं, का नाही घ्यायचं? हक्काचं होतं.

पेनचं टोपण लावत ते म्हणाले, "झालं ना मनासारखं? चला. होतं असं. शेवटी आपण सगळी माणसंच."

जाऊबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा आवाज मी इतका कडक कधी ऐकला नव्हता. "तुमच्याकडून होतं. माझ्याकडून एकतीस वर्षांत झालं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. ते माहीत असणं तुम्ही माझ्याकडून नेलंत. त्याच्या जागी कुठली पट्टी ठेवली होतीत?"

त्यांनी नुसता पुस्तकासाठी हात पुढे केला. "द्या, वर पाठवतो."

"पाठवू नका. तुम्ही न्या. अकरावी रांग, खालून दुसरी फळी, भाग दोन आणि चारच्या मध्ये."

ते मागच्या जिन्याने गेले. आम्ही खाली उभ्या होतो. त्यांच्या बुटांचा आवाज वर वर जात होता. मधेच थांबला.

"तिसरा मजला," जाऊबाई म्हणाली. "अजून एक आहे."

आणि चौथ्या मजल्याचा लोखंडी दरवाजा वाजेपर्यंत ती तिथून हलली नाही.