दुपारच्या उन्हात टिकलेला उजेड

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रात्यक्षिकांचे गुण भरत होते. तिचा भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, सकाळी गेली... झोपेतच." उपचार थांबवून ती मार्कंडा देवस्थानाजवळच्या गावी आईकडे परतली होती, हे ठाऊक होतं. 

नागपूरला एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवू लागले आणि ती लेझरच्या संशोधनात शिरली. केसासारख्या बारीक काचेच्या फायबरमध्ये प्रकाश फिरवत ठेवायचा आणि त्यातून सलग झोताऐवजी अतिशय छोटे, जोरकस स्पंद काढायचे, हे तिचं काम. "जोर वाढला ना, की उजेड काचेचाच स्वभाव बदलवते," हे सांगताना ती हरखून जायची. वडील वारले तेव्हा आईजवळ राहता यावं म्हणून ती मोठ्या शहरातली प्रयोगशाळा सोडून आमच्या कॉलेजात आली. आता हिचं संशोधन संपलं, असं सगळे धरूनच चालले. ती मात्र महिनाभरात फायबरची वेटोळी मांडून बसली.

अडलं ते आमच्या उन्हाळ्यापाशी. सकाळी स्पंद एका लयीत यायचे. दुपारी वीज गेली, लेझर बॅटरीवर राहिला पण एसी थांबला की विस्कटायचे. तापलेल्या फायबरमध्ये प्रकाशाच्या कंपनांची दिशा भरकटायची. फायबर जरा पिळून, जरा फिरवून ती रोज त्याला सावरायची. त्यातच आजार कळला. पहिल्या उपचारांनंतर डोक्याला रुमाल बांधून ती आली आणि फायबर कापायचं पातं घेऊन चालू लेझरसमोर बसली.

"वेडी झालीस काय वं? सकाळी तं चालते ना! त्याच्यावरच पेपर लिही," मी म्हटलं.

"सकाळपुरता लेझर कोनाले पाह्यजे, रंजू? उद्या याच्यावर डोळ्याच्या ऑपरेशनचं यंत्र बनलं, तं ते सिरोंच्याच्या तापत्या उन्हातही चाललं पाह्यजे."

तिने चालत्या लेझरचं फायबर कापलं. कंपनांची दिशा भरकटू न देणारं दुसऱ्या घडणीचं फायबर घालून सगळं नव्याने जोडत गेली. उपचारांमुळे बोटं बधिर व्हायची. मग हात मांडीवर ठेवून थांबायची... आणि पुन्हा जोडायची.

पुढच्या मे महिन्यात तिने आईला बोलावून घेतलं आणि ऐन दुपारी स्वतःच एसी बंद केला. आम्ही घामाने भिजलो. आई शोधत राहिली, "कुठी हाय वं तुवा उजेड? दिसत तं नाई!"

"डोळ्याले नाई दिसत, आई. इथी पडद्यावर पाह्य."

पडद्यावर सारख्या उंचीचे, सारख्या अंतराचे स्पंद उभे होते. एकही हलत नव्हता. आईने निरखून पाहिलं. "धानाचा रोवणा झाल्यावानी दिसून राह्यलं," ती म्हणाली. सुजाता इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं.

तो लेझर आजही चालतो. तिच्या हाताखाली पीएच.डी. करणारी पल्लवी आता त्याचे स्पंद आणखी छोटे करू पाहते आहे. फायबरचे तुटके तुकडे कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून सुजाता ते टेबलाच्या कडेला काळ्या चिकटपट्टीवर टिपून ठेवायची. ती पट्टी आम्ही काढलेली नाही. ऊन आलं की तुकडे चमकतात. त्या पट्टीशेजारी पल्लवीने दुसरी लावली आहे, आणि तीही आता भरत आली आहे.