आमच्या ह्याईचं पॉपचं मासिक

आमच्या घरी एक संपादक आहेत. नाव प्रभाकरराव. पुलगावात टेसनच्या रस्त्यावर आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, नळाच्या तोट्या, सगळं भेटते तिथं. दुकान चालवते आमचा पुतण्या प्रफुल. हे फक्त गल्ल्यामागं बसून गावाले शहाणपण वाटतात. मुलींच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष हेच, गणेश मंडळाचे सल्लागार हेच, अन् घरात मिठाचा डबा कुठं आहे थे माहीत नाई. मी ह्याईची बायको, कौशल्या. हे जे सांगून राह्यली त्यातलं एक अक्षर खोटं नाई, ह्याईले विचारून पाहा. थे नाईच म्हणतील, पण त्याईचं तोंड पाहा म्हणताना.

मागच्या हिवाळ्यात नागपूरले माझ्या भाचीकडं लग्न होतं. तिथं तिची पोरगी रुचिका अन् तिच्या मैत्रिणी एका कोरियन गाण्यावर नाचल्या. काय नाचल्या बाप्पा! मले एक शब्द समजला नाई, पण पाय माझेही हलले. ह्याईनं चष्मा कपाळावर चढवून रुचिकाले विचारलं, "कोणाचं गाणं आहे हे?" तिनं गाणाऱ्या पोरांची नावं सांगतली. कोणाचा वाढदिवस कधी, कोणाले कोणता रंग आवडते, कोणाचं कुत्रं कोणत्या जातीचं, सगळं तोंडपाठ. हे आ वासून ऐकत राह्यले. परतीच्या गाडीत वर्धा गेलं अन् मले म्हणतात, "कौशल्या, ह्या पोरीईले वळण लावाचं असन तर त्याईच्यासाठी पॉप संगीताचं मासिक काढाच लागन."

मी म्हटलं, "अजी, पोट्ट्या सगळं मोबाइलवर पाहतात. कोण घेईन तुमचा कागद?"

"म्हणूनच तर. छापील शब्दाले वजन असते."

वजन तर खिळ्याच्या पोत्यालेही असते, पण बोलून काय फायदा! ज्या माणसाले देवाची आरती सुरात म्हणता येत नाई, तो आता महाराष्ट्रातल्या पोरीईले गाणं शिकवणार होता.

पुढच्याच आठवड्यात आमच्या ओसरीवर संपादक मंडळ बसलं. एक हे. दुसरे अण्णाजी, रिटायर झालेले हेडमास्तर, कानाले मशीन लावतात अन् कोणी तारीफ करत असन तेव्हाच चालू करतात. तिसरे ताराचंद, सरकी-ढेपेचे व्यापारी, जाहिरात देणार म्हणून घेतलेले. तिघाईचे केस एकत्र केले तरी एका पोट्टीची वेणी झाली नसती, अन् विषय काय, तर पंधरा वर्षांच्या पोरीईले काय आवडते.

पहिला वाद, पॉप म्हणजे काय. अण्णाजीनं घसा साफ केला. "पॉप म्हणजे पॉप्युलर. पॉप्युलर म्हणजे लोकप्रिय. म्हणजे आपली भुलाबाईची गाणीही पॉपच." झालं! पहिल्या अंकात भुलाबाईची गाणी पक्की झाली. मंग कव्हरवर त्या कोरियन पोरांचा फोटो घ्याचा की नाई, ह्याच्यावर चहाचे दोन फेरे झाले. ताराचंद म्हणाले, "ह्याईच्या ओठाले लाली आहे जी. बाप लोक काय म्हणतील?"

हे म्हणाले, "कॉम्प्युटरवर मिशा काढून घेऊ."

अण्णाजीनं मशीन चालू केलं. "काढाच्या कशा? आहेतच कुठं त्याईले मिशा?"

मी आत जाऊन पदर तोंडात कोंबला. बाहेर मात्र कोणीच हसलं नाई. पहिल्या पानावर संपादकाचा फोटो, मंग संपादकाचाच लेख 'तारुण्य आणि ताल', मंग अण्णाजीचा 'मुलींनी कोणती गाणी ऐकू नयेत', अन् मागच्या कव्हरवर ताराचंदची ढेप. पोट्ट्या गाणं वाचतील, मंग पान उलटवून म्हशीचं खाणं पाहतील! खपाची चिंताच नव्हती. शाळेतल्या प्रत्येक पोरीनं अंक घ्याचाच, अध्यक्ष आपलेच.

मी चिवड्याची प्लेट ठेवता ठेवता म्हटलं, "एखाद्या पोट्टीले तरी विचारा."

"विचारू ना," हे म्हणाले. "आता संशोधनाचाच टप्पा आहे."

संशोधन कसं, तर मोबाइलच्या दुकानातल्या पोराले विचारलं, पोरी काय ऐकतात. पोरीईच्या बापाले विचारलं, भावाले विचारलं, पवनारच्या बसमधल्या कंडक्टरलेही विचारलं. पोरी सोडून जगाले विचारलं. मंग कानात घालाच्या वायरी आणल्या अन् आरामखुर्चीत डोळे मिटून बसले. मले वाटलं, तल्लीन झाले. जवळ जाऊन पाहते तर घोरून राह्यले होते. उठल्यावर मले म्हणाले, "ठेका बरा आहे, पण आशय कमी पडते."

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या बायकाईत मासिक म्हटलं की एकच अर्थ. अमकीचं मासिक आलं, तमकीचं चुकलं. पाळी. हे शिकले-सवरलेले लोक महिन्याच्या पुस्तकाले मासिक म्हणतात, म्हणोत बिचारे. पण मी ह्याईले सरळ सांगतलं, "अजी, पोरीईसमोर जाऊन मासिक-मासिक करू नका. अंक म्हणा, पुस्तक म्हणा."

"तुले साहित्यातलं काय कळते?" हे म्हणाले.

मंग मी तोंडाले कुलूप लावलं. जा म्हटलं, पडा तोंडावर.

शाळेत पोरीईले मासिकाचं सांगाले जाताना मले सोबत नेलं. मुलींची शाळा, बाईमाणूस संगं असलेलं बरं दिसते म्हणून. हॉलमध्ये सगळ्या पोरी जमिनीवर बसल्या होत्या. हेडमास्तरीण बाईनं माइकवर सांगतलं, "आज आपले अध्यक्ष तुमच्याशी मासिकाबद्दल मनमोकळं बोलणार आहेत." पोरीईच्या माना खटकन खाली गेल्या. आरोग्य खात्याच्या नर्सबाई येतात ना अधूनमधून, तसलाच कार्यक्रम वाटला त्याईले. फक्त ह्यावेळी नर्सबाईच्या जागी आमचे हे, सफारी घालून.

"लाजू नका," हे म्हणाले. "मले सांगा, मासिक दर महिन्याले वेळेवर आलं पाहिजे की नाई?"

मागच्या रांगेतून फुस्स झालं.

"काहीचं म्हणणं आहे, दोन महिन्यातून एकदा आलं तरी चालते. पण मी म्हणतो नाई! नेमानं आलं पाहिजे. अन् पहिलं आलं की आपण मोठा समारंभ करू. आमदारसाहेबाईले बोलावू."

पोट्ट्याईनं ओढण्या तोंडात घातल्या. एकीले तर हुंदके फुटले हसून. हेडमास्तरीण बाई छताकडं पाहून राह्यल्या होत्या. मले हसू आलं अन् लाजही वाटली, अशा माणसाच्या नावाचं कुंकू लावते म्हणून.

ह्याईचा पारा चढला. "हसाले काय झालं? काही अडचण असन तर उभं राहून सांगा!"

अन् एक पोरगी खरंच उभी राह्यली. नववीतली मेघा. अंगणवाडीच्या सीताबाईची पोरगी. सीताबाई बायाईले पाळीबद्दल मोकळेपणानं समजावून सांगते, म्हणून लेकीच्या जिभेलेही त्याची लाज नाई. ती हसत नव्हती. तिले वाटलं, कोणी तरी शेवटी विचारून राह्यलं.

"सर, मासिक येते वेळेवर. पण आलं की शाळेत थांबता येत नाई."

"काऊन?" हे म्हणाले. अजूनही डोक्यात उजेड नव्हता.

"संडासाले कडी नाई, सर. नळाले पाणी नाई. एकीनं आत जाचं अन् दुसरीनं बाहेरून दार धराचं. मागं रस्ता आहे, पोट्टे वाकून पाहतात. भीती वाटते. म्हणून थे दिवस आमी घरीच राह्यतो."

मी ह्याईच्या तोंडाकडं पाह्यलं. दुकानात कड्यांचे खोके छताले टेकले आहेत ह्या माणसाच्या! शरमेनं खाली बसतील वाटलं. बसले नाई. लाल झाले अन् माइकवर ओरडले, "मी त्या मासिकाबद्दल नाई बोलून राह्यलो! मी चांगल्या मासिकाबद्दल बोलून राह्यलो!"

घरी आल्यावर ह्याईचं थैमान. माझी बेइज्जती केली, असभ्य पोरगी आहे, भर सभेत घाण बोलते. अण्णाजी आले, त्याईनं मशीन चालू केलं अन् 'संस्कार' हा शब्द इतक्या वेळा म्हटला की मशीनची बॅटरी गेली. ठरलं काय, तर येत्या शनिवारी पालकाईले बोलावून त्याईच्यासमोर मेघानं माफी मागाची. नाईतर दाखला घेऊन दुसरी शाळा पाहाची. पुढच्या वर्षी दहावी पोरीची! ह्या वेळी कोण घेते?

मी म्हटलं, "अजी, एक कडी लावा ना. प्रफुलले सांगतलं तर आत्ता लावून येते."

"कडीचा प्रश्न नाई," हे म्हणाले. "प्रश्न वृत्तीचा आहे."

एवढा राग मले सासूचाही कधी आला नव्हता. जेवायले वाढलं अन् ताट असं आपटलं की वरण उडालं.

दुसऱ्या दिवशी मी सीताबाईच्या घरी गेली. ती अंगणात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "वहिनी, माफी मागते माझी पोरगी. शाळा सुटली नाई पाहिजे, बस्स. तिच्या बापानं, माझ्या प्रेमदासनं, मरताना एवढंच म्हटलं होतं, पोरीले शिकवजो." एवढं बोलली अन् पुन्हा सुपात पाहू लागली.

मेघा कपडे वाळत घालता घालता तेच कोरियन गाणं गुणगुणत होती, एकही शब्द न चुकता. मी तिले सगळा घोटाळा सांगतला. तिनं कपाळावर हात मारला.

"काकू, म्हणजे थे खरंच गाण्याचं पुस्तक काढून राह्यले? अवं, मंग मले विचारायचं ना! मी सगळं सांगतलं असतं." मंग थोडी थांबली. "काकू, माफी मागताना कशाची मागतो थे सांगाच लागते ना?"

"सांगाच लागते, माय," मी म्हटलं.

शनिवारी हॉलमध्ये बापाईपेक्षा मायाच जास्त आल्या. हे स्टेजवर, बाजूले अण्णाजी. मेघा माइकसमोर उभी राह्यली.

"मी सगळ्याईसमोर बोलली, त्याची माफी मागते. संडासाले कडी नाई म्हटलं, त्याची माफी. पाणी नाई म्हटलं, त्याची माफी. एक पोरगी आत गेली की दुसरीले दार धरावं लागते, पोट्टे मागून वाकून पाहतात म्हटलं, त्याची माफी. त्या दिवसात घरी राह्यलं की आमचं गणित राहून जाते, हे मी मागच्या वेळी सांगतलं नव्हतं. त्याचीही आताच मागून घेते."

आमच्या संपादकाले त्यातला 'माफी' एवढाच शब्द ऐकू आला. टाळी वाजवली. "शाबास! अशी नम्रता पाहिजे!"

दुसरी टाळी कोणाचीच पडली नाई. एक बाई उठली. "कुठं आहे थे संडास?" मंग दुसरी उठली. बघता बघता सगळ्या माया हॉलच्या बाहेर, अन् मागं मागं आमचे हे, "शिस्त पाळा, शिस्त पाळा" करत.

पत्र्याचं दार, कडीच्या जागी दोन भोकं. बायाईनं पदर नाकाले लावले. हे म्हणाले, "एवढं काही वाईट नाई. उगाच कांगावा आहे."

सीताबाई शांतपणे म्हणाली, "मंग जा ना भाऊ आत. दार आमी धरतो."

सगळ्या पाहून राह्यल्या होत्या. मागं हटले असते तर आमचे प्रभाकरराव कसले! "त्यात काय?" म्हणून ताठ मानेनं आत गेले. सीताबाई बाजूले सरली अन् तिनं माझ्याकडं पाह्यलं. दार मी ओढून घेतलं.

आत काही करत नव्हते हो, नुसते उभे होते. सफारीचं एक बटनही सुटलं नव्हतं. तरी घडीभरात आतून आवाज आला, "कौशल्या, दार घट्ट धरजो. कोणी आलं तर?"

मी हात काढून घेतला. दार करकरत हातभर उघडलं. हे आतून ओरडले, "अवं धर! बाया आहेत बाहेर!"

"मेघाचा दाखला?" मी विचारलं.

"पहिले दार धर!"

"पहिले दाखला."

"नाई देत दाखला! राहू दे तिले शाळेत! धर लवकर!"

"जोरात बोला. अण्णाजीचं मशीन बंद आहे."

"राहू दे तिले शाळेत!" मागच्या रस्त्यावरचे पोट्टेही थांबले.

मंग मी दार धरलं, दोन्ही हातानं. गंजलेला पत्रा, हातातून निसटून राह्यला होता. मेघा कधी बाजूले येऊन उभी राह्यली, कळलं नाई. तिनं माझे हात धरून खाली नेले.

"काकू, खालून धरा," ती म्हणाली. "वरून धरलं की सुटते."